माफी एम.ओ.टी.ची आहे, ब्रेकची नाही

गेल्या वर्षीच्या गणपती मिरवणुकीतली गोष्ट. ढोल होते, ताशे होते, लेझीम होती, आणि मिरवणूक इंग्लंडातली असल्यामुळे पाऊसही होता. सगळ्यात पुढे झेंडूच्या माळा घातलेली साठीतली एक देखणी गाडी होती. मागच्या सीटवर पाच मुलं कोंबलेली, दोघं खिडकीतून अर्धी बाहेर. कुणीतरी मालकांना विचारलं, "काय हो, हिची एम.ओ.टी. कधी झाली?" मालक ऐटीत म्हणाले, "छे हो! चाळीस वर्षं कधीच उलटली. आता हिला सगळं माफ!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते "सगळं माफ" काही केल्या डोक्यातून जाईना. रस्ता थोडा उताराचा होता, पुढे लेझीम खेळणाऱ्या मुली होत्या आणि त्यांच्या मागे तीन पावलांवर टनभर वजनाचं लोखंड. ते थांबत होतं ते केवळ साठ वर्षांपूर्वीच्या एका नळीतल्या चमचाभर द्रवाच्या भरवशावर. हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. माणसाविरुद्ध नाही, कारण तेच वाक्य मीही अनेकदा उच्चारलं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २० मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एम.ओ.टी. तपासणीतून सूट मिळाली. सूट मिळाली ती तपासणीतून. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकावर कालही होती, आजही आहे. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, तीन पेनल्टी पॉइंट आणि लायसन्सवर बंदीही येऊ शकते. त्यात गाडीच्या वयाची सवलत कुठेही नाही.

गंमत अशी, की १९६० साली ही तपासणी सुरू झाली तीच मुळी जुन्या गाड्यांसाठी. तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासत. गाडी म्हातारी झाली की आधी ब्रेक दगा देतात, हे त्या काळच्या सरकारला ठाऊक होतं. आज आपण दहा वर्षांच्या टोयोटाला दरवर्षी रांगेत उभं करतो आणि साठ वर्षांच्या मॉरिसला हात जोडून पुढे सोडतो!

आता माझीच कर्मकथा सांगतो, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकतोय असं कुणाला वाटायला नको.

आमच्याकडे १९६४ सालची मॉरिस मायनर आहे. ही गाडी घेण्यामागे कारण होतं. आमच्या मामांकडे अँबॅसिडर होती, आणि अँबॅसिडर म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या काउलीत जन्मलेल्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ चा हिंदुस्थानी अवतार. इकडे आल्यावर पहिल्यांदा मॉरिसचं ते गोल नाक पाहिलं आणि मामाच आठवले. ऑक्सफर्ड परवडली नाही, म्हणून तिची धाकटी बहीण आणली.

२०११ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं सॉमरसेटला सुट्टीवर गेलो. तेव्हा आमच्या गाडीला एम.ओ.टी. लागत असे, आणि तीन आठवड्यांपूर्वीच ती पास झालेली होती. गॅरेजवाल्याने 'फुल सर्व्हिस' करून बिलही फुल लावलं होतं. लिनमथकडून पोरलॉकला येताना ए-३९ रस्त्यावर पोरलॉक हिल लागते. उतार चारास एक, वर वळणं. चार माणसं, सामान, आणि माझा पाय ब्रेकवर. निम्म्या उतारावर पेडल मऊ लागू लागलं. पुढच्या वळणाला आणखी मऊ. त्यानंतरच्या वळणाआधी पाय दाबला तो थेट जमिनीला टेकला. खाली काहीच नव्हतं, जणू कुणी जिन्याची पायरी काढून घेतली होती.

पत्नी म्हणाली, "अहो, हळू!" मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. पेडल भराभर पंप केलं, थोडा जोर परत आला. गिअर खाली ओढला, तो किंचाळला. हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचावासा वाटत होता, पण एक हात स्टिअरिंगला हवा होता. शेवटी डावीकडच्या मातीच्या बांधाला गाडी घासत घासत टेकवली. पुढचा मडगार्ड चेपला. कुणाला काही झालं नाही. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "बाबा, आपण मुद्दाम थांबलो का?" मी "हो" म्हणालो. तिला खरं काय ते बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

आणि आता खरी मेख. वीस मिनिटांनी पेडल दाबून पाहिलं, तर ते पूर्वीसारखं घट्ट! काही बिघडलंच नव्हतं जणू. इथेच माणूस फसतो. "झालं बरं आपोआप" म्हणून पुढे निघतो.

झालं काय होतं ते समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब नळ्यांमधल्या ब्रेक फ्लुइडमार्फत चारही चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून हे जमतं. वाफ मात्र दाबली जाते. सर्वसाधारण ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तसं. ताज्या डॉट-४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर ब्रेक तापले की हे पाणेरी फ्लुइड उकळतं, नळीत वाफ होते, आणि आपला पाय त्या वाफेला दाबत बसतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल शहाण्यासारखं घट्ट.

माझ्या गाडीतलं फ्लुइड नऊ वर्षांचं होतं. 'फुल सर्व्हिस' मध्ये ते बदललं गेलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. एम.ओ.टी.चा तपासनीस गळती पाहतो, नळ्यांचा गंज पाहतो, रोलरवर चाकांची पकड मोजतो. फ्लुइडमध्ये पाणी किती मुरलं आहे हे तो मोजत नाही. म्हणजे एम.ओ.टी. पास असूनही माझ्यावर ही पाळी आली. मग ज्या गाडीखाली वर्षानुवर्षं कुणी वाकूनही पाहिलेलं नाही, तिच्याबद्दल काय बोलावं?

आता आपल्या मंडळातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे दोन पंथ आहेत. त्या दोघांशीही माझं भांडण आहे.

पहिला पंथ सोवळ्याचा. यांना गाडीतला स्क्रूसुद्धा मूळचाच हवा. यांचं म्हणणं, "याच ब्रेकवर या गाड्या साठ वर्षं धावल्या ना? मग आताच काय झालं?" धावल्या, कबूल. पण कुठल्या रस्त्यावर? मायनर आली १९४८ साली. या देशात मोटरवेचा पहिला तुकडा, प्रेस्टन बायपास, उघडला तो डिसेंबर १९५८ मध्ये, आणि एम-१ त्यानंतरच्या वर्षी. तेव्हा तुमच्या पुढची गाडीही ड्रम ब्रेकवालीच असायची. तिला थांबायला जेवढी जागा लागायची साधारण तेवढीच तुम्हालाही. आज पुढच्या गाडीला चारही चाकांना डिस्क आणि एबीएस आहे. ती जागच्या जागी थांबेल, तुम्ही तिच्या डिकीत थांबाल.

आणि त्या काळाला फार सोन्याचा मुलामा देऊ नका. १९६६ साली ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली. २०२३ साली, कितीतरी पट वाहनं वाढूनही, हा आकडा सुमारे १,६०० होता. सगळी पुण्याई ब्रेकची नव्हे. पट्टे आले, रस्ते सुधारले, दारू पिऊन चालवण्याविरुद्ध कायदे आले. पण "तेव्हा काय बिघडलं होतं" या प्रश्नाला तो ७,९८५ चा आकडा हे उत्तर आहे.

याच पंथाचा दुसरा युक्तिवाद असा, की "आम्ही वर्षाला पाचशे मैलसुद्धा चालवत नाही." अहो, तेच तर दुखणं आहे! फ्लुइड मैल मोजत नाही, कॅलेंडर मोजतं. चालत्या गाडीचे ब्रेक स्वतःला घासूनपुसून ठेवतात. उभ्या गाडीच्या व्हील सिलिंडरमध्ये गंज धरतो, पिस्टन अडकतो. इकडच्या ओल्या हिवाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला तर शू ड्रमलाच चिकटून बसतात. रबरी नळ्यांचं तर विचारूच नका. बाहेरून नव्यासारख्या दिसतात आणि आतून फुगून भोक बुजतं. पायाच्या जोराने फ्लुइड चाकाकडे जातं, पण पाय उचलल्यावर परत येत नाही. मग एक चाक धरून राहतं, तापतं, आणि गाडी एका बाजूला ओढते. लोक मग व्हील अलाइनमेंट करून घेतात! रोग नळीला आणि मलम चाकाला.

दुसरा पंथ आधुनिकांचा. यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: "डिस्क बसवून टाका." डिस्क ब्रेक उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. १९५३ साली जॅग्वार सी-टाइपने ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या बळावर मारली आणि जगाचे डोळे उघडले. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, डिस्क तापली तरी पॅड तिला दोन्हीकडून धरून असतात. हे सगळं मान्य.

पण नुसत्या पुढच्या चाकांना डिस्क लावून काम संपत नाही. मायनरच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू 'लीडिंग' असतात, म्हणजे चाकाचं फिरणंच त्यांना ड्रमवर आणखी दाबतं. डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून पाय जास्त जोरात दाबावा लागतो. मग सर्व्हो बसवतात. सर्व्होने पायाचे श्रम वाचतात एवढंच, टायरची पकड काही वाढत नाही. कॅलिपरला फ्लुइड जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडरचा व्यास जुळवावा लागतो. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच ठेवला तर डिस्कचे पॅड घासत राहतात. आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडून मागची चाकं आधी लॉक झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडी स्वतःभोवती फुगडी घालते. इंटरनेटवरून सुटे भाग मागवून शनिवार-रविवारी बसवलेली डिस्क कधीकधी मूळच्या नीट ठेवलेल्या ड्रमपेक्षा घातक ठरते. औषधच रोगापेक्षा भारी.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, एवढा खर्च करूनही बरेच जण मूळची एकेरी नळी तशीच ठेवतात. जुन्या गाड्यांत एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. चारपैकी कुठल्याही एका चाकाशी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं केलं. व्होल्वोने १९६६ च्या १४० मालिकेत अशी रचना केली, की एक सर्किट गेलं तरी दुसरं पुढची दोन्ही आणि मागचं एक चाक धरेल. घराला दोन दारं असावीत, इतकी साधी ही गोष्ट. पण दुहेरी सर्किट बॉनेट उघडून मिरवता येत नाही आणि डिस्क चाकाच्या फटीतून चमकते. म्हणून पैसे तिकडे जातात.

माझा क्रम असा आहे, आणि तो मी कुणाशीही भांडून मांडायला तयार आहे. आधी आहे ते नीट करा: दर दोन वर्षांनी फ्लुइड, वेळच्या वेळी रबरी नळ्या, गंजणाऱ्या पोलादी पाइपांच्या जागी तांबे-निकेलचे पाइप, आणि नियमित ॲडजस्टमेंट. मायनरला पुढे प्रत्येक चाकाला दोन आणि मागे एक ॲडजस्टर असतो. ते फिरवायला अर्धा तास पुरतो. मग जमल्यास दुहेरी सर्किट. डिस्क आणि सर्व्हो सगळ्यात शेवटी, तेही लांब किंवा मोटरवेवर चालवणार असाल तर, आणि जाणकाराच्या हातून.

सोवळ्यांना दिलासा असा, की गाडीत सुरक्षिततेसाठी ब्रेक सुधारले म्हणून तिचा ऐतिहासिक दर्जा जात नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांत चाकं-आसांच्या बाबतीत सुरक्षितता वाढवणारे बदल 'मोठा बदल' मानलेले नाहीत. काढलेले मूळ भाग तेलाच्या कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना खोक्यासकट द्या.

"पण खर्च?" असं कुणी विचारेल. लिटरभर डॉट-४ हापूसच्या एका पेटीपेक्षा स्वस्त पडतं. जुनं काढून नवं भरायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. आमच्याकडे मी खाली आणि मुलगी पेडलवर. "दाब... धरून ठेव... सोड" हा आमचा दोन वर्षांतून एकदाचा घरगुती सोहळा आहे. तिला वर्गमूळ शिकवताना जेवढं भांडण झालं तेवढंच यातही होतं, पण ब्रेक कसे चालतात हे तिला आज माझ्याइतकंच कळतं. दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. डॉट-५ हे सिलिकॉनचं, आणि डॉट-५.१ हे नावात भाऊ वाटलं तरी ग्लायकॉलचं. ही दोन कधीही मिसळू नका. आणि जुन्या ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नका, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

मामा खंडाळ्याच्या घाटात एक वाक्य नेहमी म्हणत: ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर. ते कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते, पण ब्रेकवर किती विसंबायचं हे त्यांना माहीत होतं. पोरलॉकला मी ते वाक्य विसरलो होतो. इंग्लंडात घाट कुठले, असं वाटलं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपापल्या गाडीत एकटं बसून कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं क्षणभर धरून चालू. पण आता मिरवणुकीत, मुंजीत, नवऱ्या मुलाच्या वरातीत या गाड्या आपण हौसेने मागवतो आणि दुसऱ्यांची मुलं त्यात बसवतो. तिथे प्रश्न सगळ्यांचा होतो. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी जाहीर मागणी आहे. मंडळाच्या कार्यक्रमात येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीने, कायद्याने लागत नसली तरी, गेल्या बारा महिन्यांतली एम.ओ.टी. दाखवावी. ती स्वखुशीने करून घेता येते आणि मोटारीसाठी तिची फी ५४.८५ पौंडांहून जास्त नसते. मालकाने दोन वर्षांच्या आत फ्लुइड बदलल्याची नोंद दाखवावी. पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल बसवू नये आणि त्याहून मोठी मुलं फक्त मागेच बसवावीत, हा तर कायदाच आहे. आणि लेझीम पथक गाडीच्या पुढे नव्हे, मागे असावं.

निघण्याआधी एक मिनिटाची परीक्षा प्रत्येक मालकाला करता येईल. गाडी उभी असताना पेडल घट्ट दाबून साठपर्यंत आकडे मोजा. पाय हळूहळू खाली जाऊ लागला तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलं आहे. पंप केल्यावर पेडल वर येत असेल तर नळीत हवा आहे किंवा शू ढिले आहेत. दोन्हीपैकी काहीही झालं तर गाडी तिथेच ठेवा, हार तिला तिथेच घाला, फोटो तिथेच काढा. बसने या.

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील की या गृहस्थांनी सणाच्या अंकात अपशकुन केला. बैल गेल्यावर झोपा बांधण्यापेक्षा हा अपशकुन बरा. यंदाच्या मिरवणुकीत मीही माझी मायनर आणणार आहे. एम.ओ.टी.चा कागद पुढच्या काचेवर चिकटवलेला असेल, आणि शेजारी फ्लुइड बदलल्याची तारीख. ज्यांना आपल्या मुलांना तिच्यात बसवायचं असेल त्यांनी आधी तो कागद वाचावा. आणि ज्यांची गाडी असेल त्यांनी, कृपा करून, मला तुमचा कागद वाचू द्यावा.